सगळे नर, मग आई कोण?

काचेच्या चपट्या, झाकण असलेल्या भांड्याला शास्त्रात काही वेगळं नाव आहे, पण आमच्या संस्थेच्या तळमजल्यावर त्याला सगळे बशीच म्हणतात. या बशा धुणं, त्यात खुराक ओतणं, बीजाणू पेरणं आणि बारा दिवसांनी मायक्रोस्कोपखाली मोजणं, हे सगळं एकाच बाईंच्या हातात होतं. म्हणून त्यांना बशीबाई हे नाव पडलं. नाव कोणी पाडलं ते माहीत नाही. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. "माझा नवरा शिंपी आहे," त्या म्हणायच्या, "त्याला लोक सुईदोरा म्हणतात. त्यापेक्षा बशी बरी, निदान रिकामी तरी नसते."

मी या संस्थेचं भांडार आणि कार्यालय सांभाळतो. सव्वीस वर्षांपूर्वी त्यांचा अर्ज माझ्याच टेबलावर आला. 'कामाचा पूर्वानुभव' या रकान्यात त्यांनी 'घर' एवढाच शब्द लिहिला होता. तेव्हाचे अधिकारी हसले. मी तो अर्ज फाईलला लावला आणि दुसऱ्या दिवसापासून बाई कामावर आल्या.

बाई कधी बसलेल्या मी पाहिल्या नाहीत. स्टूल फक्त मायक्रोस्कोपपुरतं. बाकी वेळ धुण्याच्या खोलीतून वाढीच्या खोलीत, तिथून वर डॉक्टरांकडे, पुन्हा खाली. रबरी चपलांचा चटचट आवाज जिन्यातून आला की माझ्या हाताखालचे कारकून घड्याळ न बघता सांगायचे, अकरा वाजले. चहासुद्धा त्या उभ्यानेच प्यायच्या, आणि कप विसळायला घेताना दुसऱ्याचा अर्धा भरलेला कपही उचलून न्यायच्या. माझा दोनदा नेला आहे.

डॉक्टर म्हणजे त्या विभागाचे प्रमुख. ते नेच्यावर काम करतात. पाणथळ जागेत वाढणारा एक लहानसा नेचा आहे, फुलं नाहीत, फळं नाहीत, पानाच्या मागच्या बाजूला बारीक भुकटीसारखे बीजाणू. ही भुकटी ओल्या खुराकावर पडली की त्यातून थेट नेचा उगवत नाही. आधी नखाच्या चौथ्या हिश्श्याएवढा, एका थराचा हिरवा पापुद्रा तयार होतो. त्या पापुद्र्यावर नर आणि मादीचे अवयव येतात, अंडं फळतं आणि त्यातून मग खरा नेचा वर येतो. डॉक्टरांचा सगळा जन्म या पापुद्र्यात गेला. पापुद्रा नर व्हायचं की दोन्ही, हे ठरवतो कसा, एवढाच त्यांचा प्रश्न.

सुरुवातीच्या वर्षात एकदा डॉक्टर दोन बशांसमोर डोकं धरून बसले होते. बाई फरशी पुसत होत्या. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही खाचवाली आहेत आणि ती जिभेसारखी आहेत. वेगळी ठेवायची का?" मायक्रोस्कोप न लावता, नुसत्या डोळ्यांनी. खाच असलेला, पंज्यासारखा पापुद्रा म्हणजे नर आणि मादी दोन्ही असलेला; त्याला आमच्याकडे 'जोड' म्हणतात. बिनखाचेचा, जिभेसारखा लहान पापुद्रा म्हणजे नुसता नर. त्या दिवसानंतर डॉक्टरांनी त्यांच्या हातातून फडकं काढून घेतलं. पुढे बाईंनी मोजलेला आकडा कोणी दुसऱ्यांदा मोजला नाही.

मी वाणिज्य शाखेचा माणूस. हे सगळं मला समजावं अशी अपेक्षा नव्हती. पण दर वर्षी भांडाराची मोजणी करायला मी तळमजल्यावर जायचो आणि बाई हात चालवता चालवता सांगायच्या.

"हे बघा साहेब. एका बशीत एकच बीजाणू टाकला, एकटा, तर तो जोड होणार. अंडंही त्याचं, नरही त्याचाच. कोणावर अवलंबून नाही. पण तो जोड मोठा झाला की अंगातून एक द्रव्य सोडतो. शेजारी उशिरा उगवलेली पोरं असतात ना, त्यांना त्याचा वास लागला की ती नर होतात."

"वास?"

"वास म्हणजे वास नव्हे हो. विरघळलेलं असतं. डॉक्टर त्याला संप्रेरक म्हणतात. पिकांना उंच करणारं औषध असतं ना, त्याच्याच भावकीतलं. आणि लागतं किती? एवढंसं. बादलीत चिमूट टाकली तर चिमूट जास्त झाली म्हणायची वेळ येते."

"आणि आत काय होतं?"

बाईंनी ओले हात दोन्ही बाजूंना धरले. "आत दोन जण भांडत असतात. एक म्हणतो अंडं करू, दुसरा म्हणतो नर करू. जो वरचढ तो दुसऱ्याचं तोंड दाबून धरतो. एकट्या बीजाणूत अंडंवाला वरचढ असतो. पण बाहेरून ते द्रव्य आलं की तिसरा एक जण उठतो आणि अंडंवाल्याचे हात मागे बांधतो. मग नरवाला मोकाट. झालं."

डॉक्टर हीच गोष्ट फळ्यावर चौकोन आणि बाण काढून सांगत. तिसऱ्या गटातली जनुकं जागी होतात, ती मादीपणाच्या जनुकांना थांबवतात, मादीपणाची जनुकं नरपणाच्या जनुकांना थांबवत होती तो अटकाव सुटतो. दुसऱ्या एका वेलीसारख्या नेच्यात तर आणखी मजा असते, म्हणायचे ते: थोरले पापुद्रे ते द्रव्य अर्धवटच बनवून बाहेर सोडतात आणि धाकटे ते आत घेऊन स्वतः पुरं करतात. म्हणजे नर व्हायचा निरोप थोरल्यांचा, पण त्यावर शेवटचा हात फिरवायचा धाकट्यांनी. मला बाईंची भांडणं जास्त कळली.

आता मुख्य गोष्ट.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांकडे एक मुलगी पीएचडीला आली. हुशार, तापट, केस एका पेन्सिलीने वर खोचलेले. ती बाईंना मावशी म्हणायची आणि बाई तिला पोरी. लांबच्या एका दलदलीतून तिने त्याच जातीच्या नेच्याचं एक रोप आणलं होतं. त्या एका रोपाचे बीजाणू बाईंनी एकेकटे पेरले. नव्वद बशा, प्रत्येकीत एक. बारा दिवसांनी बाई वर गेल्या त्या धावतच.

"पोरी, हे सगळे नर आहेत."

एकटे असून नर. आसपास जोड नाही, द्रव्य नाही, तरी नर. नव्वदात सत्त्याऐंशी. मुलीने त्यांना उचलून गरकन फिरवलं म्हणतात. बाईंचं वजन पाहता मी यावर विश्वास ठेवलेला नाही. पुढच्या वर्षभरात तिने त्या रोपाचं एक जनुक वाचून काढलं, ते अंडंवाल्यांपैकी असावं असा डॉक्टरांना आधीपासून संशय होता, आणि त्यात एक अक्षर बदललेलं सापडलं. सगळं जुळलं. अंडंवाला जन्मतःच मुका, म्हणून नरवाल्याला मोकळं रान. मोठा पेपर होणार होता. डॉक्टरांनी बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं की लेखकांच्या यादीत तिसरं नाव बाईंचं असेल.

बाईंनी ते घरी सांगितलं तेव्हा त्यांचा नवरा मशीन थांबवून म्हणाला, "नाव छापून येणार? मग लग्नाआधीचं की नंतरचं?"  दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या आणि सर्व्हिस बुकात त्यांचं नाव नेमकं कसं लिहिलं आहे ते बघून गेल्या. मधलं नाव पुरं आहे ना, एवढंच विचारलं.

पेपर तयार झाला. डॉक्टर परदेशी परिषदेला गेले होते, पंधरा दिवसांनी येणार, शेवटचं वाचून पाठवणार. मुलीची शिष्यवृत्ती चार महिन्यांत संपत होती. एका दुसऱ्या संस्थेत जागा होती, आणि पेपर पाठवल्याचा पुरावा जोडला तर ती तिला जवळजवळ मिळाल्यातच जमा होती. डॉक्टर गेले त्या दिवशी मुलगी खूश होती. धुण्याच्या खोलीच्या दारात उभी राहून तिने बाईंना पेपरातली चित्रं दाखवली. मी नळाच्या तोट्या मोजायला तिथेच होतो.

बाईंनी चित्रं पाहिली. मग हातातला ब्रश तसाच धरून विचारलं, "पोरी, एक सांग. हे सगळे नर, मग यांची आई कोण?"

मुलगी हसली. "म्हणजे?"

"म्हणजे नेचा अंड्यातून होतो ना? हे जर एकटे असले तरी नर आणि घोळक्यात असले तरी नर, तर त्या दलदलीतलं रोप आलं कुठून? अंडं कोणी घातलं?"

"अहो मावशी, अंडं चांगल्या पापुद्र्याचं, नर बिघडलेल्याचा. रोपात दोन्ही प्रती असतात. एक चांगली, एक बिघडलेली."

"हो का? मग बीजाणूंत एकेकच प्रत जाते ना?"

"हो."

"मग अर्धे चांगले निघायला हवेत. अर्धे तरी जोड व्हायला हवेत. नव्वदात पंचेचाळीस. तीन कसे?"

मुलीने चित्रं गोळा केली. मग म्हणाली, "डॉक्टरांशी बोललोय आम्ही. चांगले अर्धे बहुतेक उगवतच नसतील, किंवा दुसरं काही जनुक असेल. ते पुढच्या पेपरात. मावशी, आता तुम्ही परीक्षक होऊ नका हं, खरे परीक्षक पुरेसे आहेत." आणि निघून गेली.

"नव्वदच्या नव्वद उगवले होते," बाई म्हणाल्या. पण तोवर ऐकायला मीच उरलो होतो.

त्या दिवसापासून बाईंचं काही ठीक दिसेना. आधीच पायाला भिंगरी, आता तर जिन्यात चपलांचा आवाज थांबेनाच. एकाच कपाटाचं कुलूप तीनदा तपासायच्या. वाढीच्या खोलीत जायच्या, दिवे बघायच्या, बाहेर यायच्या, पुन्हा आत. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, प्लास्टिकच्या नव्या बशा द्या. बंद पाकिटातल्या. पन्नास."

"मागणीपत्र?"

"नाही."

"मग कशा देऊ? मागणीपत्रावर मुलीची सही आणा."

"तिची सही नको." बाई माझ्या टेबलावरच्या टाचण्या एका दिशेने लावू लागल्या. "साहेब, मला वाटतं ते नर मी केलेत."

मला काही कळेना. मी म्हटलं, बसा. त्या बसल्या नाहीत. उभ्यानेच सांगितलं.

नेच्याचे बीजाणू भुकटीसारखे असतात, एका वाणाचे दुसऱ्यात मिसळले तर सगळा प्रयोग मातीत. म्हणून बाईंनी स्वतःची पद्धत बसवली होती. प्रत्येक वाणाला काचेच्या बशांचा वेगळा संच, तळाला रंगाचा ठिपका. साध्या वाणाला पांढरा, दलदलीच्या वाणाला लाल. धुण्याचाही क्रम ठरलेला. आधी पांढऱ्या ठिपक्याच्या बशा. मग मोठे चंबू. आणि लाल ठिपका सगळ्यांत शेवटी, म्हणजे नव्या वाणाचा एकही कण साध्या बशांत जाऊ नये. इतकी काळजी.

"त्या चंबूंत काय असतं माहीत आहे ना? मुरलेलं पाणी."

मुरलेलं पाणी म्हणजे ज्यात हजारो जोड दोन आठवडे वाढवून मग गाळून घेतलेलं पाणी. ते द्रव्य त्यातच असतं. एखादा पापुद्रा मुद्दाम नर करायचा असेल तर ते खुराकात घालतात.

"चंबू नळाखाली धुवायचे, मग टबातल्या शुद्ध पाण्यात बुचकळून काढायचे. लाल बशाही त्याच टबात. त्याच पाण्यात. पांढऱ्या आधी निघालेल्या असतात, त्यांना काही नाही. लाल बशा मात्र चंबूंच्या मागून."

"पण नंतर तुम्ही वाफेच्या कुकरमध्ये घालता ना?"

"वाफेने जंतू मरतात साहेब. हे द्रव्य नाही मरत. मुरलेलं पाणीसुद्धा आम्ही वाफवूनच वापरतो."

"मग प्रत्येक वेळी टबातलं पाणी का नाही बदललं?"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. मी विसरलोय याचं त्यांना नवल वाटत असावं.

"तुमचं परिपत्रक आहे ना, साहेब."

होतं. शुद्ध पाण्याच्या दोन यंत्रांपैकी एक बंद पडलं होतं आणि दुरुस्ती मंजूर होत नव्हती. 'दिवसाला एकच टब शुद्ध पाणी वापरावे' असं परिपत्रक मी काढलं होतं, आणि त्याच महिन्यात धुण्याजोग्या काचेच्या बशा असताना प्लास्टिकच्या बशा देणंही बंद केलं होतं. दोन्ही माझ्या सहीने. नेटकं, दोन कलमांचं पत्र होतं. संचालकांनी त्यावर 'उत्तम' असा शेरा मारला होता.

मी उठून भांडारातून पाकीट आणलं. नोंदवहीत माझ्याच नावावर उचल दाखवली.

"कोणाला सांगितलंत?" मी विचारलं.

"तुम्हालाच. आधी खात्री करते. उगीच पोरीच्या तोंडचा घास कशाला काढू?"

"आणि तुमच्या?"

"माझं काय," बाई म्हणाल्या आणि पाकीट पदराखाली घेऊन गेल्या. पण जाताना दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा आपटला. सव्वीस वर्षांत त्या कधी कशाला धडकलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

त्यांनी अठ्ठेचाळीस बशा पेरल्या. न धुतलेल्या, कोऱ्या. खुराकसुद्धा नव्या बाटलीत, नव्या पाण्याने केला. दलदलीच्या रोपाचे तेच बीजाणू, एकेकटे. आणि वाढीच्या खोलीत सगळ्यांत खालच्या फळीवर, रिकाम्या खोक्यांच्या मागे ठेवल्या. बारा दिवस लागणार होते. डॉक्टर यायला अकरा होते, आल्यावर वाचायला एखादा दिवस. बाईंनी बोटांवर मोजून पाहिलं. जेमतेम पण जमत होतं.

मी खोटं बोलणार नाही, ते दिवस मलाही जड गेले. काही ना काही कारण काढून मी खाली जायचो. दिव्यांच्या नळ्या तपासायच्या आहेत, आग विझवायच्या यंत्राची तारीख बघायची आहे. बाई मला बघून मान हलवायच्या, अजून नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी बीजाणू फुटले. तेवढ्यातच त्यांचं आत ठरलेलं असतं म्हणे, पण बाहेरून काही दिसत नाही. हिरवा ठिपका, बस.

"ठरलंय पण सांगत नाहीत," बाई म्हणाल्या. "लबाड."

घरीही त्यांनी तेच चालवलं होतं. नवरा मला रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "साहेब, तिला काय काम दिलंय तुम्ही? काल माझी सगळी रिळं रंगाप्रमाणे लावून ठेवलीत. गडद शेवटी. मला आता पांढरा दोरा सापडत नाही." हसत म्हणाला, पण काळजी दिसत होती. मी म्हटलं, ऑफिसचं आहे, होईल. 

आठव्या दिवशी सकाळी मुलगी जिना उतरून थेट धुण्याच्या खोलीत आली. मी तिथे होतो, आग विझवायच्या यंत्रापाशी.

"मावशी! डॉक्टरांचा फोन आला. ते म्हणाले माझी वाट बघू नकोस, आजच पाठव. जागेचा अर्जही शनिवारी बंद होतोय. चला वर, तुमचं नाव नीट लिहिलंय का बघा, मग मी बटण दाबते."

बाईंच्या हातात चंबू होता. त्यांनी तो ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"पोरी, पाठवू नकोस."

"का?"

"माझी चूक असेल."

मग त्यांनी सगळं सांगितलं, टब, क्रम, लाल ठिपका. मुलीचा चेहरा उतरत गेला. शेवटी फक्त म्हणाली, "असेल? म्हणजे नक्की आहे का नाही?"

"नक्की नाही. चार दिवसांनी कळेल."

"चार दिवसांनी रविवार आहे, मावशी! शनिवारी अर्ज बंद! नक्की नाही तर तोंड कशाला उघडलंत? आणि नक्की होतं तर वर्षभर काय करत होतात? आणि मला न सांगता चोरून पेरलंत?"

"चोरून नाही," मी म्हटलं. "बशा मी दिल्या. आणि टबाचं परिपत्रक माझं आहे."

"वा!" ती माझ्याकडे वळली. "म्हणजे माझ्या जनुकाचं नाव आता तुमच्या परिपत्रकावरून ठेवू का, साहेब?"

 बाई म्हणाल्या, "ओरड, पोरी. पण तूच सांग, नव्वदात तीन कसे?"

मुलगी निघून गेली. वर दार आपटल्याचा आवाज आला. बाई जिन्याच्या खाली उभ्या राहिल्या, एक हात कठड्यावर. वर जावं की नाही हे त्यांना ठरवता येईना. पहिल्या पायरीवर पाय ठेवायच्या, काढायच्या. मी त्यांना म्हटलं, "तिने पाठवलं तर?"

"पाठवलं तर माझंही नाव जाईल ना त्यावर," त्या म्हणाल्या. "छापून." आणि मी पहिल्यांदाच त्यांना घाबरलेलं पाहिलं. काही आठवड्यांपूर्वी ज्या नावासाठी सर्व्हिस बुक उघडून पाहिलं, तेच आता त्यांना नको झालं होतं.

गुरुवार, शुक्रवार गेले. शनिवारी दुपारपर्यंत मुलीच्या खोलीचं दार बंदच होतं. चार वाजता ती खाली आली. केस मोकळे होते, पेन्सिल हातात.

"नाही पाठवला," तिने बाईंकडे न बघता सांगितलं. "उद्या किती वाजता बघायचं?"

"उद्या सुट्टी आहे."

"किती वाजता, मावशी?"

रविवारी सकाळी नऊला आम्ही तिघं तळमजल्यावर होतो. किल्ली माझ्याकडे असते, म्हणून मी. बाईंनी खोकी बाजूला केली आणि बशा ट्रेवर लावल्या. मायक्रोस्कोपपाशी मुलगी बसली. बाई मागे उभ्या. मी वही धरली, कारण मला तेवढंच येतं.

पहिली बशी तिने बराच वेळ पाहिली. "जोड."

दुसरी. "जोड."

तिसऱ्या बशीत खाच नीट दिसत नव्हती. बाई वाकल्या. "फिरव. डावीकडे. ते बघ, अंड्याच्या माना वर आल्यात." मी लिहिलं, जोड. पंधराव्या बशीनंतर मुलीने मायक्रोस्कोप लावायचं सोडून दिलं. ती बशी उचलून नुसती उजेडासमोर धरायची आणि ठेवायची. सगळे पापुद्रे पंज्यासारखे, सगळ्यांना खाच. दोन बशांत बीजाणू उगवलाच नव्हता. सेहेचाळीस जोड. नर एकही नाही.

अर्धेसुद्धा नाहीत. माझ्या मनात, कबूल करतो, अर्ध्यांची आशा होती. अर्धे नर निघाले असते तर त्या बदललेल्या अक्षराला काही अर्थ उरला असता, पेपर थोडा लंगडत का होईना उभा राहिला असता. पण तो वाण अगदी इतरांसारखाच होता. ते अक्षर बदललं होतं एवढंच, त्याने कोणाचं काही बिघडत नव्हतं. सत्त्याऐंशी नर आमच्या टबाने केले होते.

मुलगी रडली नाही. तिने ट्रे ढकलला, बॅग उचलली आणि गेली. फाटकाचा आवाज आल्यावर बाई मोजायचं काही नसताना पहिल्यांदा स्टुलावर बसल्या. हातांना काम नव्हतं म्हणून मांडीवर एकमेकांत अडकवून धरले, तरी बोटं हलतच होती.

डॉक्टर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मायक्रोस्कोपखाली पाहिलं आणि बाईंना म्हणाले, "नव्वदात तीन कसे, हे मी विचारायला हवं होतं. माझं काम होतं ते." पेपर मागे पडला. मी परिपत्रक रद्द केलं आणि दुरुस्तीच्या मंजुरीसाठी संचालकांसमोर बसलो. तो प्रसंग इथे लिहिण्यासारखा नाही. तिकडची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. मुलीला डॉक्टरांनी धडपड करून सहा महिने वाढवून दिले, पण ती बाईंशी बोलेना. समोरून आली तर भिंतीच्या बाजूने जायची. मावशी हा शब्द तळमजल्यावर ऐकू येईनासा झाला.

बाई त्याही दिवसांत बशा धुवत होत्या, आता प्रत्येक संचाला नवं पाणी घेऊन. मी विचारलं, "पश्चात्ताप होतो का?" त्या म्हणाल्या, "सांगितल्याचा नाही. आधी न दिसल्याचा होतो. मला सगळं दिसतं असं वाटायचं." एवढं बोलून झाडू घेऊन पलीकडे गेल्या.

साधारण तीन आठवड्यांनी मुलगी धुण्याच्या खोलीत आली. दारातच उभी राहिली.

"टबात पाणी किती लिटर असायचं?"

"वीस," बाई म्हणाल्या.

"चंबू किती?"

"आठ. कधी दहा."

"नळाखाली धुतल्यावर आत किती उरत असेल? थेंब? दोन थेंब?"

"दोन-तीन. मान अरुंद असते त्यांची."

मुलीने वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं. "वीस लिटरमध्ये वीस-तीस थेंब. आणि त्यातलं बशीला चिकटून राहिलं ते, वाळून. तेवढ्यात सत्त्याऐंशी नर. आजवर कोणी इतक्या कमी प्रमाणात नीट मोजलेलं मला सापडत नाहीये." ती बोलत होती भिंतीशी. "टब तसाच भरायचा. मुरलेलं पाणी एक थेंब, दोन, पाच, दहा, असं. कोणत्या थेंबाला पापुद्रा फिरतो ते बघायचं. साध्या वाणावर. तुमच्यासारखं दुसऱ्या कोणाला धुता येत नाही."

"इतकं वाईट धुता येत नाही, म्हणतेस?"

मुलगी हसली नाही. "मला अजून राग आहे तुमचा."

"असू दे की," बाई नळ सोडत म्हणाल्या. "तो टब धर तिकडून. जड आहे."